कर्तृत्वाचा दुवा : आद्य ख्रिस्ती वाङ्मय आणि संगणकीय ज्ञानसंग्रह

ग्रंथसूचीच्या एका रकान्यात ग्रंथाचे नाव असते, दुसऱ्यात ग्रंथकर्त्याचे. या दोहोंना जोडणाऱ्या रेघेकडे वाचकाचे सहसा लक्ष जात नाही. अलीकडच्या ग्रंथांच्या बाबतीत त्यात काही बिघडत नाही, कारण मुखपृष्ठावर जे नाव छापलेले असते तेच सूचीकार उतरून घेतो. परंतु ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या सहा-सात शतकांत ज्या आचार्यांनी लेखन केले त्यांच्या ग्रंथांना मुखपृष्ठे नव्हती. आज आपल्यापुढे असलेल्या पोथ्या मूळ लेखनानंतर कित्येक शतकांनी नकलून काढलेल्या आहेत, आणि पोथीच्या शिरोभागी असलेले नाव ग्रंथकर्त्याने लिहिलेले नसून नक्कलकाराने लिहिलेले आहे. ते त्याने कधी परंपरेने, कधी अंदाजाने, कधी भक्तीने आणि कधी भीतीने लिहिले. म्हणून या वाङ्मयात ग्रंथ आणि ग्रंथकर्ता यांना जोडणारी प्रत्येक रेघ म्हणजे एक निवाडा आहे. हे निवाडे आता संगणकाच्या ज्ञानसंग्रहांत नोंदले जात असल्यामुळे ते कसे नोंदावेत हा प्रश्न केवळ ग्रंथपालांचा राहिलेला नाही. तो समीक्षेचाही प्रश्न आहे.

मराठी वाचकाला हा प्रश्न अगदीच परका वाटू नये. नामदेवांच्या गाथेतील ‘नामा म्हणे’ या नाममुद्रेखाली नामदेवांचे अभंग कोणते आणि विष्णुदास नामा व इतर नामे यांचे कोणते, या वादात आपल्याकडील संशोधकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. मात्र ख्रिस्ती वाङ्मयात एक गोष्ट निराळी आहे. तेथे ग्रंथ जगणार की मरणार हे पुष्कळदा त्यावरील नावावर अवलंबून असे. धर्मपरिषदेने एखाद्या आचार्याची मते पाखंड ठरविली की त्याच्या ग्रंथांच्या नकला करण्यास कोणी धजत नसे. मग ज्याला तो ग्रंथ मोलाचा वाटे असा एखादा मठवासी त्यावरील नाव बदलून तेथे निर्दोष संताचे नाव घाली. ग्रंथ वाचे आणि ग्रंथकर्ता नाहीसा होई.

या दुव्यांची नोंद करण्याचा उद्योग मात्र फार जुना आहे. इ. स. ३९२-९३ च्या सुमारास जेरोमने बेथलेहेम येथे बसून ख्रिस्ती ग्रंथकारांची एक सूची लिहिली. तीत १३५ प्रकरणे आहेत. पहिले प्रेषित पेत्रावर आणि शेवटचे स्वतः जेरोमवर! (सूचीकाराने आपले नाव सूचीत घालावे की नाही, हा प्रश्न त्या काळी कोणाला पडलेला दिसत नाही.) नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या फोशियसने आपण वाचलेल्या ग्रंथांची २८० टिपणे लिहून ठेवली, त्यांतील कित्येक ग्रंथ आज केवळ त्या टिपणांतूनच माहीत आहेत. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या मीन्य या पाद्रीने लॅटिन आचार्यांचे २१७ खंड १८४४ ते १८५५ या काळात आणि ग्रीक आचार्यांचे १६१ खंड १८५७ ते १८६६ या काळात छापले. घाईने केलेल्या या अवाढव्य कामात खरे व खोटे कर्तृत्व पुष्कळदा शेजारीशेजारी नांदते. तरी त्यावाचून पुढील कोणतेच काम झाले नसते. विसाव्या शतकात एलिगियुस डेकर्स यांनी १९५१ साली लॅटिन ग्रंथांची आणि मौरित्स गेरार्ड यांनी १९७४ पासून पुढे ग्रीक ग्रंथांची ‘क्लाव्हिस’ म्हणजे किल्ली सिद्ध केली. तीत प्रत्येक कृतीला एक क्रमांक आहे. कर्त्याविषयी वाद असला तरी क्रमांक ढळत नाही, ही तिची मोठी सोय.

संगणकीय ज्ञानसंग्रह ही याच परंपरेतील पुढची पायरी होय. कॅलिफोर्नियात १९७२ मध्ये सुरू झालेल्या ग्रीक वाङ्मयाच्या कोशात प्रत्येक ग्रंथकाराला चार अंकी क्रमांक दिला गेला. जॉन क्रिसोस्तोम याच्या क्रमांकाखाली त्याची खरी प्रवचने तर आहेतच, पण त्याच्या नावावर खपलेली इतरांची प्रवचनेही ‘बनावट’ अशी खूण करून तेथेच ठेवली आहेत. पॅरिसचा ‘पिनाकेस’ हा संग्रह ग्रीक पोथी, कृती व कर्ता यांची सांगड घालतो. २०१२ मध्ये सुरू झालेला विकिडेटा तर कोणासही खुला आहे. त्यात व्यक्तीला एक नोंद, ग्रंथाला दुसरी नोंद, आणि या दोन नोंदींमध्ये ‘कर्ता’ या नावाचा संबंध, अशी साधी रचना असते. एका नोंदीतील हा दुवा मग अनेक भाषांतील विकिपीडियाच्या चौकटींत उतरतो आणि इतर यंत्रे तो उचलून घेतात. सूचीकाराने पूर्वी एखादी चूक केली तर ती एका ग्रंथालयात राहत असे. आता तिला पंख फुटतात.

परंतु यंत्रावर रुसून भागणार नाही, कारण छापील सूचीत नसलेली एक शक्ती या रचनेत आहे. विकिडेटात एकाच ग्रंथाला ‘कर्ता’ म्हणून एकाहून अधिक नावे देता येतात. प्रत्येक विधानाला आधार जोडता येतो, काळाची व परिस्थितीची पुस्ती जोडता येते, आणि विधानाची प्रत ठरविता येते. एखादे विधान ग्राह्य, एखादे साधारण, तर एखादे त्याज्य म्हणून नोंदता येते. त्याज्य विधान पुसायचे नसते. ते कोणी व का केले होते हे दिसत राहावे म्हणून ठेवायचे असते. कर्ता होता पण तो कोण ते ज्ञात नाही, असेही सांगण्याची तेथे स्वतंत्र सोय आहे. या सोयींचा उपयोग न करता नोंद करणारा माणूस रिकाम्या चौकटीत एक नाव भरून मोकळा होतो, तेव्हा दोष चौकटीचा नसतो.

नाव बदलून ग्रंथ वाचविण्याचे ठळक उदाहरण म्हणजे इव्हॅग्रियस होय. हा सुमारे ३४५ मध्ये काळ्या समुद्रालगतच्या पाँटस प्रांतात जन्मला. कैसरियाच्या बेसिलने त्याला वाचक नेमले, नाझियान्झसच्या ग्रेगरीने दीक्षा देऊन डीकन केले. पुढे तो राजधानीतील मानमरातब सोडून जेरुसलेममार्गे इजिप्तच्या वाळवंटात गेला आणि ३९९ मध्ये तेथेच वारला. माणसाच्या मनाला ग्रासणारे आठ कुविचार त्याने वर्णिले. पश्चिमेकडे सात महापातकांची म्हणून जी यादी प्रसिद्ध आहे तिचे मूळ तेथे आहे. वाळवंटातील साधनेचे शास्त्र प्रथम कोणी सुसूत्र मांडले असेल तर ते याने. परंतु त्याच्या विचारावर ऑरिजेनची दाट छाया होती, आणि ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपल येथील धर्मपरिषदेच्या वेळी ऑरिजेनच्या मतांबरोबर इव्हॅग्रियसची मतेही निषिद्ध ठरली. त्यानंतर ग्रीक जगातून त्याच्या कित्येक ग्रंथांचे मूळ नाहीसे झाले, आणि काही ग्रंथ नाव बदलून राहिले.

‘प्रार्थनेविषयी’ हे त्याचे १५३ लहान प्रकरणांचे पुस्तक ग्रीक मठांत नायलस या निर्दोष संताच्या नावावर वाचले जाई. १७८२ मध्ये व्हेनिस येथे ‘फिलोकालिया’ हा साधनाग्रंथांचा मोठा संग्रह छापला गेला, त्यातही ते नायलसचेच आहे. सिरियाक भाषा बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांवर मात्र कॉन्स्टँटिनोपलच्या निषेधाचा अंमल फारसा चालला नाही. त्यांनी इव्हॅग्रियसचे नाव टिकवून धरले. इरेने हाउशेर या जेझुइट विद्वानाने १९३४ मध्ये पौर्वात्य भाषांतरे आणि ग्रंथातील विचारांची ठेवण यांच्या आधारे हे पुस्तक इव्हॅग्रियसचे असल्याचे दाखविले, आणि आज त्याबद्दल अभ्यासकांत वाद उरलेला नाही. क्लाव्हिसमध्ये त्याला २४५२ हा क्रमांक आहे व तो इव्हॅग्रियसच्या मथळ्याखाली येतो. त्याच्या ‘ज्ञानविषयक प्रकरणां’ची कथा आणखी चमत्कारिक आहे. त्यांची दोन सिरियाक भाषांतरे होती. एकात धोक्याची मते गाळून ग्रंथ सौम्य केलेला, दुसऱ्यात ती मते तशीच ठेवलेली. हे दुसरे भाषांतर अंत्वान गियोमों यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा सुमारे साडेपंधरा शतकांपूर्वी वारलेल्या या माणसाचे खरे म्हणणे काय होते ते जगाला नीट कळले.

अशा पुस्तकाची नोंद करताना ‘कर्ता : इव्हॅग्रियस’ एवढेच लिहून नायलसचे नाव पुसून टाकले, तर मला वाटते, अर्धा इतिहास पुसला जातो. नायलसच्या नावाने हे पुस्तक शतकानुशतके वाचले गेले. त्या नावाने ते उद्धृत झाले, भाषांतरित झाले, मठांतील तरुणांच्या हाती पडले. कर्तृत्व इव्हॅग्रियसचे हे खरे, आणि वाचकांच्या मनातील नाव नायलसचे हेही तितकेच खरे. पहिले विधान हाउशेर यांच्या आधारासह ग्राह्य म्हणून आणि दुसरे ‘परंपरेने मानलेला कर्ता’ म्हणून, अशी दोन्ही नोंदली तरच दुवा पुरा होतो.

पेलेजियसच्या बाबतीत तर दैवाने थट्टाच केली. ४१८ मध्ये पाखंडी ठरलेल्या या माणसाने पौलाच्या तेरा पत्रांवर लिहिलेली टीका मध्ययुगात चक्क जेरोमच्या नावाखाली फिरत राहिली, आणि जेरोम हा तर त्याच्याविरुद्ध संवादरूप ग्रंथ लिहिणारा त्याचा कट्टर प्रतिपक्षी! कॅसिओडोरस व त्याच्या शिष्यांनी त्याच टीकेची शुद्धी करून काढलेली आवृत्ती पुढे प्रिमेसियस या आफ्रिकी बिशपच्या नावावर गेली. अलेक्झांडर सूटर यांनी १९२२ ते १९३१ या काळात मूळ टीका संपादून पेलेजियसला परत दिली. यंत्राला हा गुंता समजावून सांगायचा तर मूळ कृती आणि तिची संस्कारित आवृत्ती यांना दोन निरनिराळ्या नोंदी द्याव्या लागतात. एकाच नोंदीत तीन नावे कोंबून चालत नाही.

याच्या उलट प्रकारही आहे. तेथे ग्रंथ आहे, नाव आहे, परंतु त्या नावाचा माणूस कर्ता नव्हे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात अथेन्सच्या डायोनिशियसचा उल्लेख येतो. सहाव्या शतकाच्या आरंभी त्याच्या नावाने काही गूढवादी ग्रंथ अवतरले. ५३२ च्या एका वादसभेत एफिससच्या बिशपने त्यांच्याबद्दल शंका घेतली, पण ती विरून गेली. पुढे फ्रान्समध्ये पॅरिसचा हुतात्मा डेनिस हाच तो, असेही मानले गेले. १८९५ मध्ये हुगो कोख आणि जोझेफ श्टिगलमायर यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखविले की या ग्रंथांत ४८५ मध्ये वारलेल्या प्रॉक्लस या तत्त्वज्ञाची उसनवारी आहे. म्हणजे पहिल्या शतकातील श्रोता, पॅरिसचा हुतात्मा आणि पाचव्या-सहाव्या शतकांच्या संधीवरील तो निनावी प्रतिभावंत, अशा तीन व्यक्तींना तीन नोंदी हव्यात. नाव एक म्हणून त्यांची एक नोंद करणे म्हणजे मध्ययुगीन गोंधळ संगणकात नव्याने भरणे होय.

आणखी एक गोष्ट मी भाषांतरकाराच्या पक्षपाताने सांगतो. ऑरिजेनचा ‘मूलतत्त्वांविषयी’ हा ग्रंथ ग्रीकमध्ये तुकड्यातुकड्यांनीच उरला आहे. संपूर्ण ग्रंथ आपण वाचतो तो रुफिनसच्या ३९८ मधील लॅटिन भाषांतरात. आणि रुफिनसने प्रस्तावनेतच कबूल केले आहे की, ऑरिजेनच्या इतर वचनांशी न जुळणारी स्थळे पाखंडी लोकांनी घुसडलेली आहेत असे समजून आपण ती गाळली वा दुरुस्त केली. जेरोमने यावर चिडून आपले शब्दशः भाषांतर केले, ते जवळजवळ सगळे नष्ट झाले. तेव्हा या ग्रंथाचा दुवा ऑरिजेनपाशी थांबला, तर वाचकाला रुफिनसचे शब्द ऑरिजेनचे म्हणून दिले जातील. ग्रंथपालनशास्त्रात ‘कृती’ आणि तिचे एखाद्या भाषेतील ‘रूप’ असा जो भेद करतात तो येथे केवळ तांत्रिक राहत नाही. कृतीचा कर्ता ऑरिजेन, लॅटिन रूपाचा कर्ता रुफिनस, असे म्हटले म्हणजे जबाबदारी ज्याची त्याला मिळते.

याच रुफिनसने व याच जेरोमने पुढे एक उपकार करून ठेवला. २०१२ च्या एप्रिलमध्ये म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयात मारिना मोलिन प्रादेल या एका ग्रीक पोथीची नोंद तयार करीत होत्या. पोथीत स्तोत्रांवरील २९ प्रवचने होती, कर्त्याचे नाव नव्हते. त्यांतील छत्तिसाव्या स्तोत्रावरील चार प्रवचने रुफिनसच्या लॅटिन भाषांतराशी जुळली. मग जेरोमने पावला हिला लिहिलेल्या पत्रातील ऑरिजेनच्या ग्रंथांची यादी काढून पाहिली, तर कोणत्या स्तोत्रावर किती प्रवचने हा हिशेबही मेळ खाऊ लागला. लोरेन्झो पेरोने यांनी शैली व विचार तपासून दुजोरा दिला आणि २०१५ मध्ये ती प्रवचने बर्लिनच्या मालेत छापली गेली. चौथ्या शतकातील एका यादीने एकविसाव्या शतकातील निनावी पोथीला पिता दिला. सूचीचे काम रुक्ष असते असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

भारतीय वाचकाला सर्वांत जवळचे वाटेल असे प्रकरण अथेन्सच्या अॅरिस्टायडीसचे आहे. या दुसऱ्या शतकातील तत्त्वज्ञाने रोमन सम्राटापुढे ख्रिस्ती धर्माचे समर्थन मांडले असे युसीबियसने लिहिले होते, परंतु ग्रंथ कोणी पाहिला नव्हता. १८७८ मध्ये व्हेनिसच्या आर्मेनियन मठवासीयांनी त्याचा एक तुकडा छापला. १८८९ मध्ये रेन्डेल हॅरिस यांना सिनाई पर्वतावरील मठात सिरियाक भाषांतर मिळाले. ते वाचताना आर्मिटेज रॉबिन्सन यांच्या ध्यानी आले की हा मजकूर ग्रीकमध्ये आपण पूर्वी वाचलेला आहे, आणि तोही ‘बार्लाम आणि योआसाफ’ या मध्ययुगीन लोकप्रिय कथेत! भारतातील आबेन्नेर राजाच्या दरबारी वादसभा भरते आणि नाखोर नावाचा माणूस तेथे भाषण करतो. ते भाषण म्हणजेच अॅरिस्टायडीसचे हरवलेले समर्थन होते. कथाकाराने ते उचलून पात्राच्या तोंडी घातले होते. हॅरिस व रॉबिन्सन यांचे संपादन १८९१ मध्ये केंब्रिज येथे प्रसिद्ध झाले.

आणि ही कथा तरी कोणाची? राजपुत्राला दुःखाचे दर्शन घडू नये म्हणून बाप त्याला महालात कोंडतो, तरीही त्याला रोगी, वृद्ध व मृत्यू दिसतात आणि तो राज्य सोडतो. ही बुद्धाची कथा आहे हे सांगावयास नकोच. ‘बोधिसत्त्व’ या शब्दाचे अरबीत ‘बुदासफ’ झाले. अरबी लिपीत एक टिंब वाढले की ‘ब’चा ‘य’ होतो. त्यातून पुढे जॉर्जियन व ग्रीक रूपे आली आणि लॅटिनमध्ये ‘जोसाफट’ झाले. या जोसाफटला रोमन चर्चच्या संतांच्या पंचांगात २७ नोव्हेंबर हा दिवसही मिळाला. गोव्याच्या दफ्तराचा रक्षक व इतिहासकार दियोगो दो कौतो याने १६१२ मध्ये छापलेल्या आपल्या पाचव्या दशकात बुद्ध व जोसाफट यांचे साम्य ओळखले होते. साष्टीत हिंडताना कान्हेरीची लेणी कोणी खोदली असे त्याने एका वृद्धाला विचारले, तेव्हा जोसाफटच्या बापाने मुलाला जगापासून दूर वाढविण्यासाठी ती खोदविली असे उत्तर त्याला मिळाले.

ग्रीक कथा शतकानुशतके दमास्कसच्या जॉनच्या नावावर होती. आता ती जॉर्जियन भाषेतून एव्हथिमियस या १०२८ मध्ये वारलेल्या अॅथॉसवासी साधूने रूपांतरित केली असे बहुतेक विद्वान मानतात. रोबर्ट फोल्क यांचे चिकित्सक संपादन २००६ व २००९ मध्ये निघाले, ते मात्र जॉनच्या समग्र ग्रंथांच्या मालेतच, ‘बनावट’ अशी खूण करून! या एका कृतीसाठी ज्ञानसंग्रहात किती दुवे लागतील ते पाहावे. रूपांतरकार एव्हथिमियस, परंपरेने मानलेला कर्ता जॉन, आधारभूत कृती जॉर्जियन कथा, तिची आधारभूत कृती अरबी कथा, आणि पोटात सामावलेली स्वतंत्र कृती अॅरिस्टायडीसचे समर्थन. यांतील एकही दुवा ‘कर्ता’ या एका शब्दाने दाखविता येत नाही. त्यातला शेवटचा दुवा टाकला नाही, तर ज्या माणसाचे ग्रीक शब्द त्या कथेत टिकून राहिले त्याच्यापर्यंत शोधणारा पोचणारच नाही.

नोंद करणाऱ्याने निवाडा करू नये, मतभेद तेवढे लिहावेत, असा एक पक्ष आहे. तो मला मान्य होण्यासारखा नाही. हाउशेर यांचे प्रमाण आणि कोणा नक्कलकाराचा भित्रेपणा यांना समान मान देणे ही तटस्थता नव्हे. निवाडा करावा, पण तो कोणी, कोणत्या वर्षी व कशाच्या बळावर केला ते त्याच्याच शेजारी लिहावे. म्हणजे उद्या एखादी पोथी सापडली तर तो बदलता येईल. अडचण उरते ती जुन्या क्रमांकांची. बेसिलच्या पत्रसंग्रहातील आठवे पत्र, ज्यात त्रैक्याचे विवेचन आहे, ते बेसिलचे नसून इव्हॅग्रियसचे असल्याचे १९२३ मध्ये विल्हेल्म बूसेट आणि रोबर्ट मेल्खर यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले. क्लाव्हिसने ते इव्हॅग्रियसच्या ग्रंथांत २४३९ या क्रमांकावर नेले. तरी पुढील शंभर वर्षांत बेसिलच्या पत्रांचे कोणतेही मोठे संपादन उघडा, सातव्या व नवव्या पत्रांच्या मध्ये ते आठवे म्हणून छापलेले आहेच. कारण ते काढले तर पुढच्या साडेतीनशेहून अधिक पत्रांचे क्रमांक बदलावे लागतील.